१९९८चा गॉडझिला ‘मूळ’ कधीपासून झाला?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

विषय : रविवार पुरवणीतलं रिमेकवरचं पान

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या सायन्स फिक्शन आणि राक्षसांच्या पिक्चरच्या रिमेकवर तुम्ही अख्खं पान दिलं होतं, ते मी दुकानात बसून दोनदा वाचलं. एकदा सकाळी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, आणि एकदा संध्याकाळी, कारण सकाळी जे वाचलं ते खरंच तसं छापलंय का याचीच खात्री वाटंना. त्यात सरळ लिहिलंय की १९९८च्या मूळ गॉडझिलाची सर नंतरच्या रिमेकना आली नाही म्हणून चाहते नाराज आहेत. अहो साहेब! मूळ? १९९८? मग उद्या ‘सौभद्र’ पहिल्यांदा यूट्यूबवर आलं म्हणून पण छापा.

मी समीक्षक बिमीक्षक नाही. सांगलीच्या गावभागात १९८७पासून व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी चालवली, लग्नाला, बारशाला, गणपतीत टीव्ही-व्हीसीआर भाड्याने द्यायचो, रात्रीला तीन कॅसेट धरून दीडशे रुपये, डिपॉझिट वेगळं. २००५च्या पुरात कृष्णामाई दुकानात शिरली आणि साडेअकराशे कॅसेटचा चिखल झाला, तेव्हापासून त्याच गाळ्यात झेरॉक्स, लॅमिनेशन आणि रिचार्ज. पण राक्षस, परग्रहावरची माणसं, बेटावरची जनावरं असल्या इंग्लिश पिक्चरचा नाद काय सुटला नाही. तुमच्या लेखात ‘जुन्याला कवटाळून रडणारे चाहते’ म्हटलंय ना, ते आम्हीच. पत्र लांबणार आहे, कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त खाली १९७६चं लिहिलंय तेवढं ठेवा.

आधी दुरुस्ती. पहिला गॉडझिला, म्हणजे समुद्रातनं वर येणारा तो अवाढव्य राक्षस, आला ३ नोव्हेंबर १९५४ला, जपानात, तोहो कंपनीचा, दिग्दर्शक इशिरो होंडा. तिकडं त्याला गोजिरा म्हणतात, गोरिला आणि कुजिरा म्हणजे देवमासा असे दोन शब्द जोडून केलेलं नाव. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्ब फोडला होता, त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, बोटीचं नाव काय तर लकी ड्रॅगन नंबर पाच, बोटीवरची तेवीसच्या तेवीस माणसं आजारी पडली आणि त्यातला एकजण सप्टेंबरात गेला. पुढच्या दीड महिन्यात हा पिक्चर थेटरात, आणि तो सुरू कसा होतो तर समुद्रात एक जहाज, अचानक उजेड आणि जहाज खलास. जपानी माणूस तिकीट काढून आत बसला असेल तेव्हा त्याच्या पोटात काय झालं असेल विचार करा. करमणूक होती ती, नाही असं नाही, पण घरातलं कुणीतरी जाऊन महिना झालाय आणि आपण हसतोय अशा वेळची करमणूक.

आणि तो राक्षस म्हणजे आत माणूस होता. हारुओ नाकाजिमा नावाचा. रबराचा सूट, पहिल्याचं वजन शंभर किलोच्या घरात, वरनं स्टुडिओतले दिवे, सूट काढला की आतनं घाम ओतून काढायचे म्हणे. आता हे वाचून सांगलीकराला काय आठवायला पाहिजे? आपल्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ला ‘सीतास्वयंवर’ केलं, तिथनं मराठी नाटक सुरू झालं हे शाळेतलं पोरगं पण सांगतंय, पण त्या काळातल्या नाटकांना अललडुर्र नाटकं का म्हणायचे ते किती जणांना माहितीय कुणास ठाऊक. राक्षसाचं पात्र आलं की अललडुर्र करून ओरडत यायचं, तोंड रंगवलेलं, आणि पलित्यावर राळेची पूड फेकायची की भक्कन जाळ, पुढच्या रांगेतली पोरं मागं. आणि आता गंमत ऐका, गॉडझिलाची ती जगप्रसिद्ध डरकाळी कशी काढली? संगीतकार अकिरा इफुकुबेच्या डोक्यातनं निघालं, चामड्याच्या हातमोज्याला झाडाची राळ फासली आणि तो मोजा डबल बासच्या तारांवरनं ओढला, मग टेपवर आवाजाचा वेग कमी केला. म्हणजे राळ तिकडं पण आणि राळ इकडं पण. याचा तसा काही संबंध नाही, मला नुसतं बरं वाटतं.

झाली दुरुस्ती. आता तुम्हाला बोलून झाल्यावर स्वतःचं सांगायला पाहिजे, नाहीतर ते अन्याय होईल.

माझं स्वतःचं ‘मूळ’ हे नक्कलच होतं.

८२चं एशियाड होऊन वर्ष झालं असेल, गावात रंगीत टीव्ही नवे होते, आणि मार्केट यार्डाच्या अंगाला एका गोडाऊनच्या मागच्या खोलीत एकाने व्हिडिओ पार्लर काढलेलं. दोन रुपये तिकीट, खिडक्यांना बारदान ठोकलेलं, खाली सतरंजी, वर एकच फॅन आणि तो पण टीव्हीवाल्याच्या बाजूला तोंड करून. मी चौदा-पंधरा वर्षांचा. कॅसेट आखातातनं आलेली, त्यामुळं खाली अरबी अक्षरं पळायची, इंग्लिश कुणाला कळत नव्हतं आणि अरबी तर बघायलाच नको, एक मिरजेचा कॉलेजात जाणारा पोरगा मधे बसून मोठ्याने मराठीत सांगायचा, आता ती त्याला म्हणतीय मला खाली ठेव, आता कंपनीचा माणूस म्हणतोय जहाजात घाला याला. पिक्चर होता किंग काँग, अवाढव्य माकडाचा, १९७६चा. शेवटी काँग वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या टॉवरवर चढतो, हेलिकॉप्टरं येतात, गोळ्या घालतात, तो खाली पडतो, आणि मग त्याच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. धप. धप. मग जरा थांबून धप. मिरजेचा पोरगा गप्प झाला, कारण भाषांतर करायला काही नव्हतंच. माझ्या शेजारी यार्डातला एक हमाल बसलेला, चांगला पन्नाशीचा माणूस, अंगाला हळदीचा वास, हाताचे तळवे पिवळे धमक, त्याने डोक्याचा पटका सोडला आणि त्यानं तोंड पुसलं, मग तसाच तोंडावर धरून बसला. ठोके थांबले. दिवे लागल्यावर त्याच्या गालावर हळद लागलेली होती.

तो माझा काँग. त्याच्या आधी एक होता हे मला कळायला पुढं आठ-दहा वर्षं गेली.

१९३३चा काळा-पांढरा काँग मुंबईच्या एका सप्लायरने दिला, मी रात्री दुकान बंद करून लावला आणि खोटं का बोला, काँग आल्यावर पहिली वीस मिनिटं हसलो. बाहुली होती हो! दीड-एक फुटाची बाहुली, आत लोखंडाचा सांगाडा, वरनं रबर आणि सशाचं कातडं, विलिस ओब्रायन नावाचा माणूस आणि त्याचे लोक ती जरा जरा हलवायचे आणि एक एक फोटो काढायचे, सेकंदाला चोवीस. मला वाटलं ह्याच्यासाठी जग वेडं झालं? माझा काँग बघा, केवढा, कसला. आणि मग पुढं वाचायला लागलो तेव्हा कळलं की माझ्या काँगला तर त्या काळात अमेरिकेतल्या जुन्या फॅनने धू धू धुतलेलं. निर्माता दिनो दे लॉरेन्टिसने चाळीस फुटी यांत्रिक काँग बनवला होता, लाखो डॉलर घालून, गाजावाजा किती, आणि तो हलंचना, पिक्चरमधे काही सेकंद दिसतो, बाकी सगळीकडं रिक बेकर नावाचा माणूस माकडाचा सूट घालून फिरतोय. लोक हसले. मी आणि तो हमाल ज्याला बघून रडलो त्याला बघून १९३३चे फॅन हसत होते, आणि त्यांच्या बाहुलीला बघून मी हसत होतो. बसला का मेळ?

आमच्या वडिलांची तर तिसरीच तऱ्हा. त्यांना किंग काँग म्हटलं की माकड आठवायचंच नाही, पैलवान आठवायचा. हंगेरीचा किंग काँग, दारासिंगबरोबर लढलेला. १९६२ला बाबूभाई मिस्त्रींचा ‘किंग काँग’ नावाचा हिंदी पिक्चर पण आला, त्यात दारासिंगच होता. मी दुकानात १९३३च्या कॅसेटचं कव्हर लावलं तर वडील म्हणाले, ह्यो कुठला, किंग काँगला असली केसं नव्हती. त्यांचं मूळ ते. कुस्तीचा जिल्हा आहे, चालायचंच.

आता माझा भाचा. पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे, वय पस्तीस, आणि त्याचा गॉडझिला १९९८चाच. नऊ वर्षांचा होता, मीच नेलेला थेटरात, हिंदीत डब केलेला, पावसातनं ते पाय पडताना बघून माझ्या मांडीवर चढून बसला होता, मला अजून त्याची नखं आठवतायत. तुमचा लेख ज्याने लिहिला तो पण त्याच वयाचा असणार, पैज लावतो. त्याच्यासाठी गॉडझिला म्हणजे तोच, आणि पुढं २०१४ला जपानी वळणाचा आला तेव्हा भाचा म्हणतो कसा, मामा हा लईच जाड झालाय. जपानातले लोक पण तेच म्हणत होते बरं का, तिकडं पण जाड झाला म्हणून ओरड झालेली, पण ते आपल्या १९५४च्या पोराला जाड म्हणत होते आणि हा आपल्या १९९८च्या. अमेरिकेतल्या म्हाताऱ्या फॅनचं तर अजून मजेशीर, त्यांनी लहानपणी जो जपानी गॉडझिला बघितला तो १९५६ला अमेरिकनांनी कापून, मधे रेमंड बर नावाचा नट घुसवून, बॉम्बचं बरंचसं बोलणं काढून टाकून लावलेला. जसाच्या तसा जपानी पिक्चर तिकडच्या थेटरांत नीट लागायला २००४ उजाडलं. पन्नास वर्षं ज्याला मूळ म्हणत होते ते पण असंच ठिगळ लावलेलं.

तेव्हा ‘चाहते जुन्याला कवटाळतात’ हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. कवटाळतात ते आपल्याला नऊ-दहाव्या वर्षी जे भेटलं त्याला, मग ते जुनं असो नाहीतर नकली. आमचे आजोबा ‘मानापमान’ला कुठलीही भामिनी उभी राहिली की पहिल्या पदाला तोंड वाकडं करून बाहेर चहाला जायचे, गंधर्व ऐकलेला माणूस मी, मला काय ऐकवताय म्हणून. नारायणराव इथल्याच नागठाण्याचे, त्यामुळं गावाला जरा जास्तच माज. पण मजा म्हणजे आजोबा तिकीट काढायचे बरं का दरवेळी, भावे नाट्यमंदिरात पुढची रांग. न आवडायला जायचे. रिमेकचा फॅन पण असाच असतोय, पहिल्या दिवशी पहिला शो आणि बाहेर येऊन तासभर शिव्या.

पण म्हणून सगळंच सारखं, ज्याचं त्याला गोड, असं पण मी म्हणणार नाही. भाच्याशी माझं भांडण आहे ते इथं.

राक्षसाला स्वभाव असतो. १९५४चा गॉडझिला गोळ्यांना भीक घालत नाही, विजेच्या तारांचं कुंपण घातलं तर ते मनोरे तोंडाच्या वाफेने वितळवतो, टोकियो जाळून निवांत समुद्रात परत जातो, घाई नाही. त्याला मारायला सेरिझावा नावाचा शास्त्रज्ञ लागतो, त्याच्याकडचं अस्त्र बॉम्बपेक्षा वाईट, आणि ते पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून तो स्वतः पण खालीच राहतो समुद्रात. १९९८चा अमेरिकन काय करतो? हेलिकॉप्टर आलं की पळतो. बिल्डिंगीच्या आड लपतो. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधे अंडी घालतो आणि शेवटी ब्रुकलिन ब्रिजच्या तारांत अडकून साध्या मिसाईलने मरतो. अहो मोठी झालेली पाल आहे ती, गॉडझिला कसली! रावण लक्ष्मणाला बघून विंगेत पळाला तर सांगलीचं पब्लिक खुर्च्या ठेवेल का? तिकडच्या फॅनने त्याला ‘नावापुरता गॉडझिला’ म्हणायला सुरुवात केली, इंग्लिश आद्याक्षरं घेऊन ‘जीनो’. आणि तोहोवाल्यांनी पुढं त्याच्या नावातला गॉड काढून नुसता ‘झिला’ ठेवला. २००४च्या ‘गॉडझिला फायनल वॉर्स’मधे तर त्याला जपानी गॉडझिलासमोर उभाच केला, सिडनीत, काही सेकंदांत खेळ खलास. मैदानात पैलवान अजून माती अंगाला लावतोय आणि दुसरा त्याला चितपट करून फेटा बांधून घेतोय, तसली कुस्ती. ते मी भाच्याला मुद्दाम दाखवलं. तो दोन दिवस बोलला नाही.

आमच्या कट्ट्यावर भडंगाची पुडी सोडून बसलं की एक गडी हमखास म्हणतो, सगळी वाट त्या कॉम्प्युटरने लावली, हाताने करत होते तोपर्यंत चांगलं होतं. हा आमच्याच बाजूचा माणूस, पण चुकतोय. तो चाळीस फुटी काँग हातानेच केलेला की, हलला का? आणि २०२३चा ‘गॉडझिला मायनस वन’ कॉम्प्युटरवरच केलाय, पस्तीस माणसांनी, सहाशे दहा शॉट, दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच त्या पस्तिसांचा मुकादम, आणि मार्च २०२४ला इफेक्टचं ऑस्कर घेऊन गेले, सत्तर वर्षांत गॉडझिलाला पहिलं. जुने फॅन खूश, नवे फॅन खूश, माझा भाचा पण खूश.

तो पिक्चर मी घरी ओटीटीवर बघितला, बायको शेजारी मेथी निवडत बसलेली, तिला असल्या पिक्चरचा कंटाळा. सुरुवातीला हिरो लढाईवरनं परत येतो तर घराच्या जागी विटांचा ढीग, शेजारीण समोर उभी, तिची पोरं गेलेली, आणि ती त्यालाच बोल लावतीय की तू जिवंत कसा आलास. मग पत्रे गोळा करून खोपटं उभं करतात, कुणाचं तरी तान्हं पोर सांभाळतात. बायकोची मेथी थांबली. २०१९ला आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं, आम्ही माडीवर सहा दिवस काढले, खाली आलो तेव्हा फ्रीज आडवा आणि देवघरातल्या समया चिखलात, आणि पहिलं काय केलं तर शेजारच्यांच्या पोरीला आमच्याकडं घेतलं कारण तिच्या आईबापाला घर उपसायचं होतं. बायको म्हणाली, ह्यांच्याकडं राक्षस कधी येणार आहे? मी म्हटलं येईल आता. ती म्हणाली, नको यायला. आत्ता कुठं पत्रे बसवलेत. साहेब, १९५४ला होंडाने जे केलं ते हेच, आणि यामाझाकीने सत्तर वर्षांनी परत केलं. रिमेक म्हणा, रिबूट म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

उलट बाजूचं पण सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा एकतर्फी आहे. जॉन कार्पेंटरचा ‘द थिंग’, १९८२चा. १९५१ला एक पिक्चर होता, बर्फात सापडलेला परग्रहावरचा प्राणी, त्याचा हा रिमेक, पण कार्पेंटरने पिक्चर सोडून मूळ गोष्टीकडं उडी मारली, जॉन कॅम्पबेलची १९३८ची, त्यातला प्राणी कुणाचंही रूप घेतो, शेजारी बसलाय तो माणूस की ते, हेच कळत नाही. मी कॅसेट ठेवली होती. एका गिऱ्हाइकाने संध्याकाळी सातला नेली आणि पावणेआठला परत, कुत्र्याचा सीन आला म्हणे, घरात जेवणं चालू होती, सासूबाईंना ओकारी झाली, पैसे परत द्या. दिले. ‘ईटी’ मात्र पोरं अशी न्यायची की टेप घासून पांढरी पडली. आता बघा, अमेरिकेत पण हेच झालेलं, ‘ईटी’ आला ११ जून १९८२ला आणि ‘द थिंग’ २५ जूनला, लोकांना प्रेमळ पाहुणा पाहिजे होता, हा रक्तबंबाळ कोण मधेच, समीक्षकांनी तर फाडला. आणि आज? हॉरर आणि सायन्स फिक्शनच्या कुठल्याही फॅनला विचारा, वरच्या पाचात नाव घेतो. तो माझा गिऱ्हाईक आता रिटायर झालाय, परवा पासबुकाची झेरॉक्स काढायला आला आणि हळूच म्हणतो, ते बर्फातलं कुत्र्याचं पिक्चर कुठं मिळंल का हो? सासूबाई वारल्यात का विचारायचं तोंडात आलं होतं, गप्प बसलो.

कार्पेंटर पण फॅनच बरं का. त्याच्या १९७८च्या ‘हॅलोवीन’मधे पोरं टीव्हीवर पिक्चर बघत बसलेली आहेत, तो हाच १९५१चा. आणि पीटर जॅक्सन, २००५च्या काँगवाला, नवव्या वर्षी टीव्हीवर १९३३चा बघून रडलेला पोरगा. मोठा होऊन तीन तासांवर लांबवला पिक्चर, मला विचाराल तर तासभर कापायला पाहिजे होता, पण १९३३च्या पिक्चरमधनं काढून टाकलेला एक कोळी-किड्यांच्या दरीचा सीन होता, तो कायमचा हरवला, तर ह्या पठ्ठ्याने तो जुन्याच पद्धतीने, बाहुल्या हलवून, काळा-पांढरा, परत बनवला. आजोबांचं हरवलेलं दागिनं नातवाने सोनाराकडनं तसंच्या तसं घडवून घ्यावं, तसलं काम. त्यासाठी त्याला तीन तास माफ.

असली माफी सगळ्यांना नाही. १९५१चा ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ आणि त्याचा २००८चा रिमेक, हा दुसरा मी बघितलाय एवढं माहितीय, पुढं काही आठवत नाही. ‘द फ्लाय’ १९८६चा उलट १९५८च्यापेक्षा चांगला, तो पण ओकारीवालाच पण चांगला. आणि १९५६च्या ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’च्या शेवटी केविन मॅकार्थी रस्त्यावर गाड्यांपुढं ओरडत पळतो ना, ते परग्रहावरचे आले, ते आले, तर १९७८च्या रिमेकमधे एका गाडीपुढं कोण येतं? तोच केविन मॅकार्थी, केस पांढरे, तसाच ओरडत. म्हणजे बावीस वर्षं हा माणूस पळतोच आहे आणि कुणी ऐकलं नाही. असं काही केलं की फॅन शिट्टी मारतो आणि पुढचे दोन तास तुमचे. एवढंच लागतं हो आम्हाला, आमच्या आधी कुणीतरी येऊन गेलंय हे नव्याला माहीत असावं.

आता शेवटचं. नात सात वर्षांची आहे, दिवाळीच्या सुट्टीला आलेली. तिने काँग बघितलाय तो नवा, गॉडझिलाबरोबर मारामारी करणारा. मी तिला १९३३चा लावून दिला, मनात म्हटलं ही पण माझ्यासारखी हसेल, वीस मिनिटं धीर धरायचा. ती हसली नाही. काँग आल्यावर दोन मिनिटांनी टीव्हीजवळ गेली, पार नाक लावून, आणि म्हणाली, आजोबा याच्या अंगावर वारा कुठनं येतोय? मी म्हटलं कुठला वारा. तर म्हणाली केस बघा की, सारखे हलतायत, झाडं तर हलत नाहीत. साहेब मी हा पिक्चर पंधरा-वीस वेळा बघितलाय आणि मला माहीत होतं ते काय आहे, वाचलेलं होतं, पण तिने विचारेपर्यंत मी कधी नीट बघितलंच नव्हतं. प्रत्येक फोटोच्या आधी बाहुली हलवायला हात लावायला लागायचा, आणि हात लागला की सशाची लव दबायची, दर वेळी जरा वेगळीकडं. म्हणून केस हलतात. वारा बिरा काही नाही, नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी बोटं लावलेली आहेत ती. तिला सांगितलं. तिने रिमोट घेतला आणि मागं करून परत बघितलं, मग परत, आणि टीव्हीच्या काचेवर काँगच्या दंडावर बोट ठेवून म्हणाली, इथं धरलंय त्यांनी.

तिचं मूळ आता नवा मारामारीवाला का हा, मला माहीत नाही. तिला विचारलं तर म्हणते दोन्ही.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापा, मूळ गॉडझिला १९५४चा म्हणून. लेखकाचं नाव नका खराब करू, पोरगा चांगलं लिहितो, नऊ वर्षांचा असताना त्याला पण कुणीतरी थेटरात मांडीवर घेतलं असणार. आणि हे पत्र पाठवायच्या आधी मी भाच्याला फोनवर वाचून दाखवलं, अख्खं ऐकून घेतलं त्याने, म्हणाला मामा बाकी ठीक आहे पण माझ्या गॉडझिलाला पाल म्हणू नको. तो शब्द तीन ठिकाणी होता. दोन ठिकाणचा काढलाय.

आपला,
एक जुना व्हिडिओवाला
गावभाग, सांगली